जिजींचं धाबं

माणसाच्या कपाळाला हात लावून ताप बघतात, तसा जिजी घराच्या भिंतीला हात लावून ताप बघायच्या. तळहात नव्हे, उलटा हात. जिना चढता चढता प्रत्येक मजल्यावर थांबायच्या, दाराशेजारच्या भिंतीला बोटांची मागची बाजू टेकवायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या आणि जाहीर करायच्या, "तळमजला नॉर्मल. भाऊ, तुमच्याकडे थोडी कणकण आहे. वरचा फणफणलाय." मी दारात बनियनवर उभा असायचो, हातात चहाचा कप, आणि घरात नेमकं ऑफिसातलं कुणीतरी आलेलं असायचं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मला दिसायचं आणि माझे कान तापायचे. ते मात्र जिजींनी कधी तपासले नाहीत.

त्या माझ्या घरमालकीण. बँकेनं माझी सुरतेला बदली केली तेव्हा मी एकटाच होतो, सांगलीकडचा, गुजरातीचं अक्षर न येणारा. सुरतेच्या बमरोली भागात जिजींच्या घराचा मधला मजला मिळाला. गल्लीत दिवसरात्र लूमची, म्हणजे यंत्रमागांची खडखड, आणि राहणारी माणसं बहुतेक धुळे-नंदुरबारकडची. घरात अहिराणी, दुकानात गुजराती, रस्त्यावर हिंदी. जिजीही तिकडच्याच. नवरा मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता, त्यानंच हे तीन मजली घर बांधलं आणि तो लवकर गेला. जिजी सरकारी इस्पितळात नर्स होत्या, मी यायच्या थोडं आधी निवृत्त झालेल्या. गल्ली त्यांना जिजी म्हणायची म्हणून मीही म्हणू लागलो. माझ्याशी त्या इस्पितळातल्या मराठीत बोलायच्या. राग आला की अहिराणी सुरू व्हायची.

घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी ना पगार विचारला, ना जात, ना मांसमच्छी. एकच प्रश्न केला.

"झोपता कधी? दिवसा की रात्री?"

मी गोंधळून म्हणालो, "रात्रीच की."

"मग मधला मजला घ्या. तळमजला दिवसा झोपणाऱ्यांना."

तळमजल्यावर दोन कुटुंबं होती. दोन्हीकडचे पुरुष रातपाळीला लूमवर जायचे आणि सकाळी येऊन झोपायचे. सगळ्यात वर, थेट स्लॅबखालच्या खोलीत राहायच्या स्वतः जिजी. घराची मालकीण तव्यावर आणि भाडेकरू गारव्याला, असला उलटा कारभार मी कुठं पाहिला नव्हता. मला वाटलं, म्हातारीला एकांत हवा असेल. गल्लीला वाटायचं, म्हातारी सरकली आहे. जिजींचा मुलगा बडोद्याला नोकरीला होता. तो आला की माझ्याच दारात उभा राहून म्हणायचा, "तुम्ही तरी समजवा हो आईला. लोक मला विचारतात, आईला माळ्यावर टाकलंत का?" त्याला धाब्यावर आणखी दोन खोल्या चढवायच्या होत्या. धाबं म्हणजे गच्ची. तिकडं सगळे तसंच म्हणतात. जिजी त्याला म्हणायच्या, "अजून दोन खोल्या म्हणजे अजून दोन तवे. कोणाला भाजायचंय तुला?" मुलगा खाली मान घालून स्टेशनच्या रिक्षात बसायचा.

मी गेलो त्या उन्हाळ्यात जिजी धाब्याला पट्ट्या ठेवत होत्या. हा शब्द त्यांचाच. स्लॅबभर गोणपाटं अंथरलेली आणि त्यांवर दुपारी पाणी. ताप चढला की कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी ठेवतात, तसंच. पण गोणपाट सुरतेच्या उन्हात बघता बघता सुकायचं, आणि पाण्याची टाकी रिकामी झाली की तळमजल्यावरच्या बायका बोंब मारायच्या. मग जिजींनी चुना फासला. त्यानं थोडा फरक पडला, पण समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या डोळ्यांवर तिरीप येऊ लागली आणि भांडण झालं. शेवटी एके दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पट्टी ओली ठेवायला कोणीतरी सतत बसलं पाहिजे. माणूस किती बसणार? गवत बसेल."

असं ते हिरवं धाबं सुरू झालं. स्लॅबला भार पेलेल का ते त्यांनी एका इंजिनिअरला आणून दाखवून घेतलं. मग घासून धुतलेल्या स्लॅबवर गळती रोखणारा काळा लेप, त्यावर जाड प्लास्टिक, त्यावर बारीक खडी. खडीवर लूममधलं टाकाऊ पॉलिस्टर कापड पसरलं, माती खाली वाहून जाऊ नये म्हणून. "हे कापड जन्मात कुजत नाही," जिजी म्हणाल्या. "सुरतेचं पाप आहे, पण इथं कामाला आलं." वर चार बोटं माती, तीही निम्मी नारळाचा भुसा घातलेली, हलकी राहावी म्हणून. हे सगळं त्या पदर खोचून, नाकाला रुमाल बांधून करत होत्या आणि घमेली चढवायला समोर दिसेल त्याला धरत होत्या. रविवारी समोर दिसणारा मीच असायचो.

पहिल्या खेपेला त्यांनी मेथी लावली, कोथिंबीर लावली, हौसेनं गुलाबही लावले. एप्रिलात सगळं वाळून कोळ झालं. जिजी त्या काड्यांसमोर वॉर्डात उभ्या असल्यासारख्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाजूक पेशंट चालायचे नाहीत." मग रस्त्याच्या कडेला, रुळांच्या बाजूला, मोडक्या भिंतींत जे जे पाण्यावाचून तगून होतं ते ते त्या उपटून आणू लागल्या. हरळी, घोळ, पानफुटी, कोरफड, चिनी गुलाब. सुरतेच्या भर बाजारात साठी उलटलेली बाई गटाराच्या कडेला वाकून गवत उपटते आहे आणि शेजारी बँकेचा माणूस पिशवी उघडून उभा आहे, हे दृश्य माझ्या शाखेतल्या निम्म्या लोकांनी पाहिलं. सोमवारी मॅनेजरनं मला विचारलं, "भेंस पाळी छे के?" म्हैस पाळलीय का, म्हणून. मी हसलो. दुसरं काय करणार?

पण खरी लाज पाण्याची. धाब्याला नळाचं पाणी घालायचं नाही, हा त्यांचा नियम. कपडे धुताना साबणाचं पहिलं पाणी गेलं की पिळायचं दुसरं पाणी बादलीत धरून ठेवायचं. तांदूळ-डाळ धुतलेलं तेही. संध्याकाळी जिजी दारोदार फिरायच्या. "भाऊ, दुसरं पाणी काढलं का?" माझ्या लग्नाचं बघायला नवसारीहून मंडळी आली होती, मुलीचे वडील, मामा, सगळे. पोह्यांच्या बश्या हातात, आणि दारात जिजी. "भाऊ, दुसरं पाणी?" मामांनी माझ्याकडे पाहिलं, मुलीच्या वडिलांनी मामांकडे पाहिलं. मी उठलो, मोरीतून माझ्या चड्ड्या-बनियन पिळलेल्या पाण्याची बादली आणली आणि पाहुण्यांच्या समोरून जिजींच्या हातात दिली. ते लग्न जमलं नाही. कारण काही वेगळं असेलही, पण मला अजून ती बादलीच आठवते.

त्यांच्यावर रागावता मात्र यायचं नाही. घोळ माजली की त्या प्रत्येक घरात जुडी टाकायच्या, "धाब्याची भाजी" म्हणून. मला मलेरिया झाला तेव्हा रोज दोनदा येऊन बसल्या. औषध वेळेवर घेतलं नाही तर हातावर चापट.

मग उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, आली. सुरतेत त्या दिवशी घरात कोणी नसतं, सगळं शहर धाब्यावर असतं. पतंग, फिरक्या, स्पीकर, उंधियुं, जिलेबी. लोक नातलगांना महिनाभर आधी आवतण देतात. आणि आमच्या धाब्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कडेनं फरश्यांची एक चिंचोळी वाट होती, तेवढीच. तळमजल्यावरचे भाडेकरू चिडले. शेजारचे एक काका भले गृहस्थ, ते समजवायला आले. "बेन, वरसमां एक दिवस. घास फिर उगी जाएगा."

जिजी म्हणाल्या, "पेशंटच्या छातीवर उभं राहून पतंग उडवता का तुम्ही?"

त्या दिवशी सकाळपासून त्या हरळीच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून, काळी छत्री उघडून पहाऱ्याला बसल्या. अंगावर इस्पितळातली पांढरी साडी, कडक इस्त्रीची. चारी बाजूंच्या धाब्यांवरून पोरं ओरडायला लागली, "ए लीली डोशी! लीली डोशी!" हिरवी म्हातारी. कापलेले पतंग येऊन जिजींच्या छत्रीवर पडत होते. मी चहा घेऊन वर गेलो, तर दोन धाबी पलीकडे आमच्या शाखेची मंडळी. मॅनेजरनं हात केला आणि ओरडून विचारलं, "आ तमारां मकानमालिक छे?" सगळे थांबून ऐकत होते. "हां, अमारांज," मी ओरडलो. आवाज चिरकला. जिजी हसल्या आणि म्हणाल्या, "बसा भाऊ. खुर्ची एकच आहे, पण छत्री मोठी आहे." मी फरशीवर बसलो आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिलो, कारण उठून सगळ्यांसमोरून खाली जाण्यापेक्षा ते सोपं होतं.

पुढच्या मे महिन्यात एकदा दुपारी मी सुट्टी घेऊन घरी होतो. जिजींना निरोप द्यायला वर गेलो आणि प्रथमच त्यांच्या खोलीत दुपारचा टेकलो. उकडत होतं, पण बसवत होतं. जिजींनी मला शेजारच्या इमारतीत नेलं, तिच्या सगळ्यात वरच्या खोलीत. तिथं रातपाळीवाली चार माणसं ओली फडकी अंगावर घेऊन झोपली होती. दारातूनच वाफ तोंडावर आली. भट्टीचं झाकण उघडावं तशी. माझ्याच्यानं उंबरा ओलांडवला नाही. परतताना जिजी म्हणाल्या, "भाऊ, तुमची खोली गार आहे ना? का आहे? कारण तुमच्या डोक्यावर कोणीतरी राहतं. त्याची खोली तापते म्हणून तुमची तापत नाही." तोवर मी माझ्या खोलीच्या गारव्याचं श्रेय बांधणाऱ्याला देत आलो होतो.

आमच्या भागात एक मराठी मंडळ होतं. त्यांनी ठरवलं की जिजींचा सत्कार करायचा. तोवर हवा पालटली होती. एका वर्तमानपत्रात धाब्याचा फोटो आला होता, दोन-चार जण बघून गेले होते, आणि ज्या गल्लीनं लीली डोशी म्हटलं तीच गल्ली आता "आमच्या जिजी" म्हणत होती. परिचयाचं भाषण माझ्याकडे आलं. हॉल भरलेला, बहुतेक खानदेशी माणसं, लूमवाले, त्यांच्या बायका. मुलगाही बडोद्याहून आला होता, पहिल्या रांगेत बसला होता. मी पर्यावरण, निसर्गप्रेम, मातृहृदय असं बरंच काही बोललो. टाळ्या पडल्या. अध्यक्ष शाल घेऊन पुढे झाले, तेव्हा जिजींनी हात आडवा केला आणि माईक मागितला.

"भाऊ चांगलं बोलले," त्या म्हणाल्या, "पण त्यांना माहीत नाही. ही बाग नाही. मला झाडांची आवड नाही. मी रिटायर व्हायच्या आधीच्या उन्हाळ्याची गोष्ट आहे. वॉर्डात एक पेशंट आला. रातपाळीचा लूमवाला, तरणा मुलगा. दिवसा झोपलेला उठवेना म्हणून बायकोनं आणला होता. अंगाला हात लावला तर चटका. बर्फ लावला, सलाइन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, हा झोपतो कुठं? मला माहीत होतं. माझ्याच घरात, माझ्या धाब्याखालच्या खोलीत. आठ दिवस आधी तो मला म्हणाला होता, जिजी, वर भलतं तपस. मी म्हटलं होतं, सुरतेत कोणाचं धाबं तपत नाही? उन्हाळा आहे. त्याची बायको माझ्याकडे बघत होती. सगळा स्टाफ माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या ओळखीचा. मी डॉक्टरांना म्हटलं, पांडेसऱ्याकडचा दिसतो. माझ्या घरातला आहे हे बोलले नाही."

जिजींनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

"तो वाचला. पण ताप डोक्यात गेला होता. चालताना झोकांडतो, जीभ जड झाली. लूमवर उभं राहता येईना, म्हणून गावाला गेला. मी वर राहायला गेले ते मग. आता शाल कोणाला घालायची ते तुम्ही बघा."

अध्यक्षांना शालीचं काय करावं कळेना. ती त्यांनी घडी करून टेबलावर ठेवली. मुलगा पहिल्या रांगेत कपाळाला हात लावून बसला होता. मी व्यासपीठावर उभा होतो, 'मातृहृदय' लिहिलेला कागद हातात, आणि तो कुठं लपवावा ते समजत नव्हतं. परतताना जिजी रिक्षात माझ्याशेजारी होत्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, "हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं."

ती हकिकत साहजिकच गावोगाव गेली. हॉलमधलं प्रत्येक माणूस सणावाराला गावी जाणारं. पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी आमच्या जिन्यात एक बाई उभी दिसली. तिशीची असेल. तिच्या खांद्यावर हात टाकून एक माणूस प्रत्येक पायरीवर थांबत चढत होता. मी विचारलं, कोणाकडे? बाई म्हणाली, "जिजीकडे." मी ओळखलं, हा तोच लूमवाला.

मी पुढे होऊन त्याचा दुसरा हात धरला. वर जिजी दारातच होत्या. त्यांनी दोघांना पाहिलं आणि चौकटीला धरलं. बाईनं ना नमस्कार केला, ना चौकशी. म्हणाली, "तुम्ही सभामा सांगं म्हणतस."

"हो," जिजी म्हणाल्या.

"आमले नही सांगं."

जिजींचा चेहरा पडला तसा मी कोणाचा पडलेला पाहिला नाही. गल्लीभर लोक हसले तरी ह्या ताठ बसणाऱ्या. दोन वर्षं माती वाहिली, लोकांचं पाणी गोळा केलं, हॉलभर माणसांसमोर स्वतःला उघडं केलं; आणि धुळ्याकडे साक्रीच्या बाजूला, बसनं काही तासांवर, ज्यांना सांगायचं होतं ते तिथंच होते. त्यांच्याकडे जायला तेवढं जिजींचं पाऊल उचललं नव्हतं.

"नही सांगं," जिजी म्हणाल्या. "माले तोंड नव्हतं."

बाईला उत्तर नको होतंच. ती म्हणाली, ह्याला खोली बघायची होती, ऐकल्यापासून तेच लावलं होतं, म्हणून आणलं. तो आत गेला. भिंतीला धरून उभा राहिला आणि वर स्लॅबकडे बघत राहिला. मग खाली बसला, आणि सतरंजीवर, जिथं पूर्वी झोपत असावा त्या कोपऱ्यात, आडवा झाला. आम्ही तिघं उभे. प्रवासाचा थकलेला असेल. थोड्या वेळात त्याचा श्वास संथ झाला. जिजी दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसल्या. आत जाऊन बसायची त्यांची हिंमत झाली नसावी. बाई आत त्याच्या उशाशी बसली आणि मधून मधून त्याच्या कपाळाला हात लावून बघत होती.

ऊन कललं तेव्हा तो उठला. बायकोनं विचारलं, "कसं शे?"

तो हळूहळू, शब्द गोळा करत म्हणाला, "उकडस. पन जळस नही."

जिजींनी चहा केला. मग घाईघाईनं, एका दमात म्हणाल्या की तळमजल्यावरची एक खोली रिकामी होतेय, इस्पितळ जवळ आहे, व्यायाम करून घेणारे डॉक्टर ओळखीचे आहेत, तुम्ही दोघं इथंच राहा. बाईनं चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि म्हणाली, "नही. आते गावमाच बरं."

जिना उतरताना जिजींनी त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. ह्या बाबतीत त्यांचा हात तयार होता. कुठल्या पायरीवर तोल जाणार हे त्यांना त्याच्या आधी कळत होतं. खालच्या दारात त्यांनी त्याला सरळ उभं केलं, सदऱ्याची कॉलर नीट केली, आणि मान खाली घालून म्हणाल्या, "भाऊ, मन्ही चूक व्हयनी. माले माफ करशी का?"

तो काहीतरी म्हणाला. जड जिभेतून आलेले दोन-तीन शब्द, मला त्यातलं काही उमजलं नाही. बायकोला उमजलं असावं, पण तिनं ते फिरून सांगितलं नाही. "चला, गाडी सुटी जाई," एवढंच म्हणाली आणि त्याला घेऊन गल्लीच्या तोंडाशी रिक्षाकडे चालू लागली. तो एकदाही वळला नाही.

रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत आम्ही उभे होतो. मी जिजींना म्हटलं, "काय म्हणाला ते मला कळलं नाही. बरंच काही बोलला असेल. बरं वाटलं असेल त्याला."

"भाऊ, मी उभा जन्म असल्या पेशंटांचं बोलणं ऐकलंय," जिजी म्हणाल्या. "मला कळलं. तो नाही म्हणाला."

आणि त्या तिथंच खालच्या पायरीवर बसल्या. मीही त्यांच्या शेजारी बसलो.